पलंगाचा पावसाळा मे महिन्यात सुरू होतो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रम्हपुरी तालुक्यात बदली होऊन आलो तेव्हा सामानात लग्नात आंदण मिळालेला सागवानी पलंग होता. पहिल्याच ऑगस्टमध्ये त्याच्या उशाकडच्या एका पायावर पांढरट बुरशी धरली आणि खालचा दोन बोटं भाग नखानं दाबला तरी दबू लागला. मी दोष पावसाला दिला. गावचे वाढईकाका, म्हणजे सुतार, आले, त्यांनी पायाकडे नंतर पाहिलं आणि आधी खिडकीकडे पाहिलं. तिथं कूलर होता. एप्रिलपासून त्याचे तुषार रोज रात्री त्याच पायावर पडत होते, आणि मृग लागून महिना झाला तरी मी तो पंपासकट चालवत होतो. बाहेर हवा आधीच ओली झालेली, त्यात मी घरात आणखी पाणी ओतत होतो.

नव्यानं विदर्भातल्या खेड्यात राहायला आलेल्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, आरोग्यसेविकांनी, किंवा नुकतंच वेगळं बिऱ्हाड मांडलेल्या जोडप्यांनी पलंग कसा टिकवावा, ते इथं लिहितो आहे. कोकणातले सल्ले इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथं ओल जवळजवळ वर्षभर मुक्कामाला असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारची हवा पापडासारखी कोरडी होते, आणि दोन महिन्यांत झड लागली की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. मे महिन्यात त्याच्यातलं पाणी वजनाच्या ५-६ टक्क्यांवर येतं, ऑगस्टमध्ये ते १६-१८ टक्क्यांपर्यंत चढू शकतं. या चढउतारात सहा इंच रुंदीची सागाची फळी रुंदीत साधारण दोन-तीन मिलिमीटर हलते. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. आंबा, बाभूळ याहून जास्त हलतात. म्हणजे आपल्या पलंगाला ओलीचा त्रास आहेच, पण त्याहून मोठा त्रास या ताणतणावाचा आहे. म्हणून कामांची वाटणी ऋतूंवर करायची: उन्हाळ्यात लाकडाची तोंडं बंद करायची, पावसाळ्यात फक्त हवा खेळती ठेवायची, आणि ठोकाठोकी दिवाळीनंतर.

आधी ओल कुठून येते ते शोधा

हे काम न करता पॉलिशचा डबा आणणं म्हणजे गळक्या माठाला बाहेरून रंग देणं. ओल तीन वाटांनी येते: भिंतीतून, जमिनीतून आणि हवेतून. तपासायला जाड प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा घ्या. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून तो घट्ट बसवा. दुसरा तुकडा पलंगाखालच्या जमिनीवर तसाच लावा. एक-दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून, थेंब जमले असतील तर ओल भिंतीची आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर ती खोलीतल्या हवेची आहे.

खेड्यातल्या घरांत पहिला प्रकार फार दिसतो. काळ्या मातीवर बांधलेल्या जुन्या घरांना पायथ्याशी ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं. त्यात कुणी हौसेनं मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल बाहेर पडायची वाटही बंद होते आणि ती वरवर सरकते. तुमचं घर भाड्याचं असेल तर भिंत बदलणं तुमच्या हातात नाही. पण कवेलूवरून पडणारं पाणी भिंतीच्या बुडाशी साचतंय का, न्हाणीचं सांडपाणी त्याच भिंतीला लागून जातंय का, एवढं पाहणं आणि फावड्यानं एक चारी काढणं हातात आहे. अर्ध्या तासाचं काम असतं आणि त्याचा गुण इतर कशाहून आधी दिसतो.

जिल्ह्याप्रमाणे हिशोब बदलतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात पाऊस जास्त, साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर, आणि बांध्यांमधलं पाणी थेट वस्तीपर्यंत उभं असतं. बुलढाणा, अकोल्याकडे तो ७००-८०० च्या आसपास. तिकडे झडीचे दिवस कमी, पण उन्हाळ्याचा तडाखा तसाच, त्यामुळे तिकडचे पलंग कुजण्यापेक्षा सांधे सैल होऊन जास्त मरतात.

जागा

पलंग भिंतीला चिकटवू नका. चार बोटं अंतर ठेवा, आणि उशाकडची भिंत शक्यतो घरातली मधली असू द्या, पावसाची झोड घेणारी नको. आपल्याकडे पाऊस बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत सगळ्यात जास्त भिजते. कूलरची धार थेट पलंगावर घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. कूलर आणि पलंग यांत किमान पाच-सहा फूट असू द्या, आणि हवा अंगावरून जाईल पण तुषार लाकडावर पडणार नाहीत असा कोन करा. पहिला चांगला पाऊस झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. दमट हवेत कूलर फारसा गारवा देत नाही, फक्त ओल वाढवतो.

पाय

पलंगाचं आयुष्य त्याच्या पायांच्या तळव्यात असतं. लाकडाच्या नळ्या पायात उभ्या असतात, त्यामुळे कापलेल्या तळातून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगानं वर चढतं. आणि नेमका हाच भाग रंगवायचा राहून जातो, कारण तो दिसत नाही. पलंग आडवा पाडा, तळवे पॉलिशपेपरनं घासा, आणि ऑईलपेंट किंवा वॉर्निशचे तीन हात एकामागून एक द्या. पहिला हात लाकूड पिऊन टाकेल, घाबरू नका.

घरात सारवण असेल तर पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा, पायापेक्षा दोन इंच मोठा. सारवताना शेणाचा ओला हात पायापर्यंत जात नाही आणि जमिनीची ओलही वर येत नाही. फरशी पुसणाऱ्या घरात रबरी बुच चालतात, पण महिन्यातून एकदा काढून पाहा. बुचात पुसण्याचं पाणी शिरलं तर ते तिथंच राहतं आणि पाय पाण्याच्या वाटीत उभा असल्यासारखा होतो.

मुंग्या येऊ नयेत म्हणून पाय खरोखरच पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. ती सोडा. लाकूड कुजतं आणि डेंगूच्या डासांची पैदास होते.

उन्हाळ्यातलं मोठं काम

अक्षय तृतीयेनंतर आणि नवतपा लागायच्या आधी दोन दिवस काढा. नवतपा साधारण २५ मेपासून नऊ दिवस असतो, त्या उन्हात रंगकाम करू नये, वरचा थर झटक्यात सुकतो आणि आत ओला राहतो. सकाळी, सावलीत काम करा. पलंग उघड्या अंगणात उन्हात टाकू नका. बाज टाकली तर चालते, सागवानी फळ्या चिरतात.

सगळा पलंग सुटा करा. नटबोल्ट एका डब्यात, आणि प्रत्येक सांध्यावर खडूनं खूण, नाहीतर जोडताना डोकं धरून बसाल. आधी कोरड्या फडक्यानं धूळ, मग किंचित ओल्या, मग एक दिवस सावलीत. १५० नंबरच्या पॉलिशपेपरनं रेषांच्या दिशेनं हलका हात.

लाकूड उघडं असेल, म्हणजे त्यावर वॉर्निश नसेल, तर घुण लागू नये म्हणून टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाणी आधी द्या. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक पावडर, ब्रशनं दोन हात. वॉर्निशवर याचा काही उपयोग नाही, आत जातच नाही. हातात मोजे घाला, मुलांना लांब ठेवा, वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका. पाण्यानं हे धुतलं जातं, म्हणून पूर्ण सुकल्यावर, दोन-तीन दिवसांनी, वरून तेल किंवा वॉर्निश हवंच.

आता तेल. आपल्या भागात जवस पिकतो आणि त्याची चटणी घराघरात असते, पण जवसाचं तेल लाकडाला किती चांगलं हे आपण विसरलो आहोत. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसतं. शेंगदाण्याचं, मोहरीचं तेल असं सुकत नाही; ते महिनोन् महिने चिकट राहतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं जेवण होतं. घाण्याचं कच्चं जवस तेल सुकायला बरेच दिवस घेतं, म्हणून पेंटच्या दुकानातून डबल बॉईल तेल आणा, काही दुकानदार त्याला बेलतेल म्हणतात. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाईन मिसळा. फडक्यानं चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढा. पुसणं हे महत्त्वाचं, जाड थर ठेवला की तो चिकट राहतो. एक दिवसाआड तीन हात.

एक धोका नीट लक्षात ठेवा: जवस तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. कापसाच्या घरात तर विचारूच नका. फडकी अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवा, मगच टाका, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चकाकी हवी असेल तर पॉलियुरेथेन वॉर्निश, पाच-सहा वर्षं त्रास नाही. लाखेचं स्पिरिट पॉलिश दिसायला सगळ्यात देखणं, पण ते दमट हवेत दिलं तर पांढरट पडतं आणि पाण्याचा ओला पेला ठेवला तरी डाग उमटतो. पलंगाला मी ते देत नाही. जळालेलं इंजिन ऑईल गोठ्याच्या खांबांना लावतात ते तिथंच ठीक आहे, ज्यावर झोपायचं त्याला नको.

रंग देताना दिसणाऱ्या भागावर सगळा जीव ओतू नका. फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकाच बाजूला रंग असेल तर उघडी बाजू ओल घेऊन फुगते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते.

मे महिन्यात फळ्यांत आणि सांध्यांत फटी दिसतील. त्यात लांबी (पुट्टी) भरू नका. लाकूड तेव्हा सगळ्यात आकसलेलं असतं. ऑगस्टमध्ये ते फुगलं की लांबी चेपून बाहेर येते आणि पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी मोठी दिसते. आडव्या फळ्या नव्यानं टाकत असाल तर उन्हाळ्यात दोन फळ्यांत पाव इंच जागा सोडा.

झडीच्या दिवसांत

या काळात लाकडाला काही लावायचं नाही, काही ठोकायचं नाही. फक्त हवा. पाऊस उघडला की अकरा ते चार दारंखिडक्या समोरासमोर उघड्या, झड चालू असताना बंद. ओले कपडे पलंगाच्या खोलीत दोरीवर टाकायचे नाहीत. घरात जागाच नसेल तर निदान पंखा चालू ठेवा.

गादी सकाळी अर्धी दुमडून ठेवा. रात्रभरात माणसाच्या अंगातून घाम आणि वाफ जाते ती गादीत उतरते, आणि खाली सलग प्लायवूड असेल तर तिथंच अडकते. कापसाची गादी उघडीप मिळाली की अंगणात. गादीखाली प्लास्टिक पसरवण्याचा उपाय उलटा आहे, ओल त्याच्यावर साचते.

पलंगाखालचा पसारा हा आपल्या घरांचा वेगळा विषय. कांदे, तुरीची पोती, बियाण्याच्या पिशव्या, सगळं तिथं. धान्य हवेतली ओल घेतं आणि हवा अडवतं. आषाढ-श्रावणात तरी पलंगाखालून झाडू आरपार फिरेल एवढं मोकळं ठेवा. पेटीच्या दिवाणाला दोन्ही बाजूंनी, खाली आणि वर, बोटभर जाडीची पाच-सहा भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा, म्हणजे उंदीर जात नाहीत. कडुनिंबाचा पाला, कापूर ठेवा हवं तर, वास बरा येतो. ओल त्यानं कमी होत नाही.

पोळ्याच्या सुमारास एकदा नीट तपासणी करा. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी माळ्यावरून काढून पुसला जातो, त्याच दिवशी बॅटरी घेऊन पलंगाखाली वाका. पाहायच्या गोष्टी तीन. पुसली जाणारी पांढरी-हिरवी बुरशी: फार काळजी नको, नाकाला फडकं बांधून पलंग बाहेर नेऊन ब्रशनं झाडा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, वाळवा. मऊ पडलेलं लाकूड: चाकूचं टोक सहज रुतलं तर तो भाग कुजतोय, लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर राहिल्याशिवाय असं होत नाही, म्हणजे पाण्याची वाट अजून चालू आहे. आणि मातीच्या बारीक नळ्या: ती उधई, म्हणजे वाळवी. नळी नुसती पुसून थांबू नका, ती जमिनीत किंवा भिंतीत कुठून निघाली ते शोधा, कारण वारूळ तिकडं आहे. घर पोखरलेलं दिसलं तर कीडनाशक देणाऱ्या जाणकारालाच बोलवा.

घुण वेगळा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी. जुनी भोकं की जिवंत, हे कळायला खाली काळा कागद पसरून आठवडाभर थांबा. नवी भुकटी पडली तर कीड आत आहे. सागाला घुण लागत नाही असं सगळे सांगतात, ते गाभ्याबद्दल खरं आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं याचा आम्हा चंद्रपूरकरांना अभिमान आहे, पण त्याच सागाच्या सालीलगतचा पांढरा भाग घुण आवडीनं खातो. धुऱ्यावरच्या कोवळ्या सागात हा पांढरा भागच जास्त असतो. नवा पलंग करून घेताना वाढयाला पांढरं काढायला सांगा. लाकूड निदान एक उन्हाळा रचून वाळवलेलं आहे का आणि वाहतुकीचा परवाना, पावती आहे का हेही विचारा.

बाज, लोखंड, बोर्ड

बाजीचं लाकूड सहसा टिकतं, दोरी त्रास देते. सुताची किंवा काथ्याची दोरी भिजली की आखडते आणि चौकट ओढते, त्यामुळे बाज लंगडते, एक पाय हवेत. पावसाळ्याआधी पायथ्याची दोरी एक हात सैल करा. नायलॉनच्या पट्टीला हा त्रास नाही.

लोखंडी पलंगाचा गंज आतून येतो. पाइपच्या तोंडाची टोपी निघालेली असते, आत दमट हवा शिरते. तारेच्या ब्रशनं गंज काढा, रेड ऑक्साईडचा एक हात, सुकल्यावर ऑईलपेंटचे दोन, आणि टोप्या बसवा. पाणी आत गेलंच असेल तर पायाच्या खालच्या टोकाला बारीक भोक पाडून वाट द्या.

भुशाच्या बोर्डाचा पलंग स्वस्त मिळतो. खेड्यातल्या ओल असलेल्या घरासाठी तो घेऊ नका; कड एकदा भिजली की फुगते आणि परत बसत नाही, स्क्रूही धरत नाही. घेतलेलाच असेल तर सगळ्या कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना वॉर्निश पाजा. प्लायवूड घेताना शिक्का पाहा: आयएस ७१० असेल तर उत्तम, आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) चालतो, एमआर (नुसती ओल सोसणारा) फक्त कोरड्या खोलीसाठी.

दिवाळीनंतर

ऑगस्टमध्ये पलंग करकरू लागला की हात पान्याकडे जातो. मीही गेलो होतो, तेव्हा वाढईकाका म्हणाले, "मास्तर, आता नोका ठोकू. दिवाळी झाल्यावर ठोका." कारण साधं आहे: फुगलेल्या लाकडावर बोल्ट आवळला की वॉशरखालचं लाकूड दबून बसतं, आणि हिवाळ्यात आकसल्यावर तिथं कायमची ढिलाई राहते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लाकूड मधल्या मापावर येतं. तेव्हा बोल्ट आवळा, वॉशर लहान असतील तर मोठे घाला, पाचर मारायची तर तेव्हाच मारा, लांबीही तेव्हाच भरा. सांधा डिंकानं चिकटवायचा असेल तर पाण्यात टिकणारा डिंक मागा, साधा पांढरा ओलीत मऊ पडतो.

माझ्या त्या कुजलेल्या पायाचं कामही डिसेंबरात झालं. काकांनी खालचे तीन इंच कापले, बाकीच्या तिन्ही पायांना सारखं करण्याऐवजी त्या एकाच पायाला गाभ्याच्या सागाचा ठोकळा जोडला, मध्ये बोटभर जाडीचा लाकडी खुंटा घालून, आणि तळाला पेंटचे तीन हात. ठोकळ्याचा रंग अजून जुळलेला नाही. कूलर आता समोरच्या भिंतीच्या खिडकीत आहे.